साम्राज्य कसं बुडवावं : होतकरू कादंबरीकारांसाठी

फॅन्टसी लिहायला बसणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी असाव्याच लागतात : एक नकाशा आणि एक बुडालेलं साम्राज्य. नकाशाचं फारसं अवघड नाही. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला बर्फाचे डोंगर, मधून वळणं घेत जाणारी नदी आणि कोपऱ्यात कुणी पाऊल टाकत नाही असं एक जंगल, एवढं काढलं की झालं. साम्राज्याचं तसं नाही. ते आधी उभारावं लागतं, मग पाडावं लागतं, आणि नीट पडलं नाही तर पुढची चारशे पानं पायांत येत राहतं. हौशी मंडळी इथेच अडकतात. त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

आधी काळ ठरवा

साम्राज्य किती वर्षांपूर्वी बुडालं हे पहिलं वाक्य लिहिण्याआधी पक्कं हवं. आकडा मोठा घ्या आणि गोल घ्या. प्लेटोने ॲटलांटिसची गोष्ट रचताना सोलोनच्याही मागे ९,००० वर्षं उडी मारली. एवढ्या अंतरावर साक्षीदार उरत नाही. शिवाय त्याने आणखी एक सोय करून ठेवली : ही हकिकत इजिप्तच्या पुरोहितांनी सोलोनला सांगितली आणि त्याच्याकडून ती घराण्यात झिरपत आली, असं म्हटलं. चार तोंडांतून आलेल्या गोष्टीला पुरावा कोण मागतो? 'क्रिटियास' या संवादात तो तिथले कालवे, देवळं, गरम आणि गार पाण्याचे झरे, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, सगळं मोजमापांसकट सांगतो. शेवटी झ्यूस देवांची सभा भरवतो, बोलायला तोंड उघडतो, आणि संवाद अर्ध्या वाक्यात थांबतो. पुढचं काही हाती आलेलं नाही. अपुऱ्या राहिलेल्या मालिकेचा हा बहुधा आद्य नमुना. जॉर्ज आर. आर. मार्टिनचे वाचक पुढच्या खंडाची वाट २०११पासून पाहत आहेत म्हणून कुरकुरतात. प्लेटोच्या वाचकांना तेवीसशे वर्षं झाली.

याच मार्टिनने आपलं व्हलेरिया कथेच्या जेमतेम ४०० वर्षं आधी बुडवलं आहे. मराठी लेखकाने हा धोका पत्करू नये. ४०० वर्षं मागे गेलं की आपण शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपास पोचतो, आणि त्या जन्माची तारीख कोणती यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, समित्या बसल्या. इतक्या वर्षांत एखादं अख्खं राज्य लोकांच्या डोक्यातून पुसलं गेलं, हे इथल्या वाचकाच्या गळी उतरायचं नाही. तीन हजारांच्या खाली येऊ नका.

मग बुडवा

एका दिवसात बुडवा. फार तर एक दिवस आणि एक रात्र. प्लेटोने तेवढीच मुदत दिली होती आणि ती अजून चालू आहे. समुद्र जवळ असेल तर लाट, नसेल तर ज्वालामुखी. जे. आर. आर. टॉल्किनला लहानपणापासून एक स्वप्न पडायचं : हिरव्या शेतांवर चढून येणारी प्रचंड लाट. १९३०च्या दशकात त्याचं आणि सी. एस. लुईसचं ठरलं की वाचावीशी वाटणारी गोष्ट कुणी लिहीत नाही, तर आपणच लिहू. लुईसच्या वाट्याला अवकाशप्रवास आला, टॉल्किनच्या वाट्याला कालप्रवास. लुईसने आपली कादंबरी पुरी करून १९३८मध्ये छापली. टॉल्किनची अर्धवट राहिली, पण तिच्यातून न्यूमेनॉर नावाचं बेट निघालं, ते स्वप्नातल्या लाटेखाली गेलं, आणि पुढच्या सगळ्या फॅन्टसीला बुडण्याचा एक नमुना मिळाला. तिथल्या राजाला मरायचं नव्हतं म्हणून तो आरमार घेऊन देवांच्या भूमीवर चालून गेला. म्हणजे कारण एकच, तेही राजाच्या स्वभावात, आणि शिक्षा सगळ्या बेटाला. कादंबरीला हे फार सोयीचं.

खऱ्या साम्राज्यांकडे या बाबतीत बघू नका, हिरमोड होईल. अलेक्झांडर डेमांट नावाच्या जर्मन इतिहासकाराने रोम का पडलं याची आजवर सुचवली गेलेली कारणं गोळा केली आणि १९८४ साली यादी छापली. ती २१० भरली. तीत शिशाची विषबाधा आहे, अंधश्रद्धा आहे, सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. भांडवलशाही आहे आणि साम्यवादही आहे. २१० कारणांचा खलनायक कुठल्या तलवारीने मारणार? सुमेरमध्ये तर पाटाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या शेतात खेळवल्याने जमीन खारावत गेली आणि गहू जाऊन खारं रान सोसणारा जव पेरावा लागला. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे लगेच पटेल, पण त्यावर तीन खंड निघायचे नाहीत.

मोहेंजोदडोच्या बाबतीत मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञाने कादंबरीकारांची सोय करून पाहिली होती. तिथे सापडलेल्या काही सांगाड्यांवरून त्याने १९४७मध्ये कत्तलीचा आरोप थेट इंद्रावर ठेवला. आर्य आले, रथ आले, शहर पडलं. मुखपृष्ठासकट सगळं तयार. १९६४मध्ये जॉर्ज डेल्सने ते सांगाडे कुठल्या थरात, कशा अवस्थेत होते ते तपासलं आणि कत्तल झालीच नसल्याचं दाखवलं. माणसं मारली गेली नव्हती. पाऊस आणि नद्या बदलत गेल्या तशी ती कित्येक पिढ्यांत हळूहळू उठून पूर्वेकडे, दक्षिणेकडे, लहान गावांत गेली. शहर बुडालं नाही, ओसरलं. त्या ओसरण्याच्या काळातल्या हडप्पा संस्कृतीची एक वस्ती आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादलाही उकरून निघाली आहे. इंद्राची मात्र बदनामी झाली ती झालीच.

तात्पर्य शोधत बसू नका. लाट पाठवा आणि पुढे चला.

अवशेष कसे मांडावेत

अवशेष स्वच्छ हवेत. खांब अर्धा तुटलेला, पण वरचं कोरीव काम शाबूत. वेली कमानीवर शोभतील इतक्याच. एक पुतळा, नाक गेलेलं. वारा. एवढ्यावर नवशिक्याने थांबावं. कुठल्याही परिस्थितीत अवशेषांत गाय येऊ देऊ नये.

हे सांगावं लागतं, कारण गाय यायला टपलेलीच असते. रोमचा फोरम, जिथून निम्म्या जगाचा कारभार चालायचा, तो पुढे कित्येक शतकं गुरांचा बाजार नि चराऊ रान होता आणि लोक त्याला नावही तसंच द्यायचे. कोलोसियमचा दगड शेकडो वर्षं इमारतींसाठी खाणीसारखा उचलला गेला. संगमरवरी पुतळे भट्टीत घालून त्यांचा चुना केला. ५३७ साली गॉथांनी वेढा घालून शहराचे पाण्याचे पाट तोडले. पण ख्रिस्तपूर्व १९मध्ये अग्रिप्पाने बांधलेला एक पाट डागडुजी होत होत टिकला, आणि त्रेवीच्या कारंज्यात प्रवासी नाणी टाकतात ते पाणी त्याच वाटेचं. पडलेल्या साम्राज्याचा नळ चालू आहे म्हटल्यावर त्यातली सगळी उदासी निघून जाते.

हडप्पाचं आणखी वाईट. १८५०च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना कंत्राटदारांना रुळांखाली घालायला खडी हवी होती आणि जवळच भाजक्या विटांचं आयतं टेकाड होतं. सुमारे १६० किलोमीटर मार्गाखाली त्या विटा गेल्या. साडेचार हजार वर्षांपूर्वीची संस्कृती आगगाडीखाली अंथरली गेली, आणि ती आहे तरी कुठली हे कळायला १९२४ साल उजाडलं. आपल्याकडच्या खेड्यात पांढरीचं टेकाड असतं. जुनी वस्ती राहून-राहून, भिंती कोसळून-कोसळून चढलेलं. पुरातत्त्ववाल्यांना तिथे सातवाहनांची खापरं दिसतात, गावकऱ्यांना भिंती लिंपायला आणि शेतात टाकायला चांगली माती दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव बैलगाडीने शेतात जातं आणि ज्वारी होऊन ताटात येतं. दायमाबादची ती प्रसिद्ध ब्राँझची चार शिल्पं, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ साली सापडली तीही झाडाचा बुंधा खणून काढताना. कुठल्याही मांत्रिकाने दरवाजा उघडला नव्हता.

तुम्हाला गाय टाळायचीच असेल तर अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांचा कित्ता गिरवा. बागेत पडकी गढी असावी अशी फॅशन निघाली आणि सगळ्यांच्याच नशिबी पडकं नसल्याने ते पडकं बांधूनच घेऊ लागले. सँडरसन मिलर या गृहस्थाने हॅगली इथे १७४०च्या दशकात असा एक अर्धवट कोसळलेला किल्ला नवाकोरा उभारून दिला. त्याच्याही पुढे गेला तो फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर. लूव्रच्या महादालनाची मांडणी कशी असावी हे ठरवणाऱ्यांत तो होता. १७९६मध्ये त्याने तेच दालन छत कोसळून उद्ध्वस्त झालेलं रंगवलं. स्वतःच्या कचेरीचे भग्नावशेष एवढ्या प्रेमाने आणखी कुणी काढले असतील असं वाटत नाही. सरकारी नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या लेखकांनी हा सराव जरूर करून पाहावा.

शिलालेख

अवशेषांत शिलालेख लागतोच आणि त्यात भविष्यवाणी लागतेच. लिपी कुणालाही वाचता येत नसावी. फक्त नायिकेच्या आजीने तिला लहानपणी एक गाणं शिकवलेलं असावं. शिलालेख नको असेल तर रोजनिशी चालेल, मात्र ती लिहिणारा शत्रू दारावर धडका देत असताना पळून न जाता लिहीत राहणारा हवा. टॉल्किनच्या कादंबरीतल्या मोरियाच्या खाणीतली वही अशीच आहे. टॉल्किनने या वहीची तीन पानं स्वतः बनवली होती : वेगवेगळ्या हातांतली अक्षरं, जुनाट कागद, पाइपने जाळलेल्या कडा, रक्तासारखे डाग. पुस्तकात ती रंगीत छापावीत अशी त्याची फार इच्छा होती. १९५४ साली प्रकाशकाला तो खर्च परवडला नाही आणि पानं घरीच राहिली. प्रकाशक आणि लेखक यांच्यातला हा व्यवहार कुठल्याही साम्राज्यापेक्षा टिकाऊ निघालेला आहे.

खऱ्या शिलालेखांत काय असतं? हिशेब. क्रीटमध्ये आणि ग्रीसच्या पायलॉस इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी अर्धशतक कुणाला उलगडत नव्हती. १९५२मध्ये मायकेल व्हेंट्रिस या पेशाने वास्तुविशारद असलेल्या तरुणाने ती सोडवली. होमरच्या वीरांच्या काळातलं पहिलं लेखन! आत निघाल्या मेंढ्या. क्रीटमधल्या एकट्या नोसॉसच्या पाट्यांत त्या लाखाच्या घरात मोजलेल्या आहेत. लोकर किती, रथाची चाकं किती, त्यातली मोडकी किती, विणकर बायकांना अंजीर किती. बैलजोड्यांची नावंसुद्धा आहेत, एक ठिपक्या, एक काळ्या, अशा धर्तीची. आता यातली गंमत पाहा. या पाट्या कच्च्या होत्या, वर्षअखेर पाण्यात भिजवून पुन्हा वापरायच्या. पायलॉसचा राजवाडा जळाला आणि त्या आगीत पाट्या भाजून पक्क्या झाल्या. राजा गेला, गवई गेले, महाकाव्यं कुणी लिहून ठेवली नव्हती ती गेली. वाचला तो कारकुनाचा चालू वर्षाचा कच्चा हिशेब. यावर कादंबरी कुणी का लिहीत नाही, मला कळत नाही. शेवटच्या दिवशी मोडक्या चाकांची नोंद करणारा तो कारकून मला मोरियातल्या वहीवाल्यापेक्षा जवळचा वाटतो.

आपल्याकडचा दाखला नाशिकचा. शहराबाहेरच्या डोंगरात लेणी आहेत, ती लोकांनी पांडवांच्या नावे केली. का, हे उघड आहे. एवढा डोंगर कोरणं साध्या माणसाचं काम नव्हे, आणि वनवासात पांडवांना वेळही होता. महाराष्ट्रातल्या निम्म्या लेण्यांचा ठेका त्यांच्याकडेच आहे. इंग्लंडातही हीच रीत. रोमन निघून गेल्यावर दगडी स्नानगृहं आणि तट पाहून एका अँग्लो-सॅक्सन कवीने ती राक्षसांची करणी ठरवली. ते शहर बाथ असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. या कवितेची एकच हस्तलिखित प्रत आहे आणि कुणीतरी तिच्यावर जळकं लाकूड ठेवल्याने मधल्या ओळी जळून गेल्या आहेत. पडझडीवरची कविता स्वतःच पडकी झाली. टॉल्किन ऑक्सफर्डला याच जुन्या भाषेचा प्राध्यापक. आपल्या चालत्या-बोलत्या झाडांना त्याने त्या राक्षसांचंच नाव दिलं.

तर पांडवलेणी. आत जाऊन भिंतीवरचा ब्राह्मी लेख वाचला की पांडव निघतात बाहेर आणि येतो उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई, पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातला. तो लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी कायमची ठेव ठेवतो : ३,००० कार्षापण, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक दराने, उरलेले १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज वापरायचं, त्यातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. भविष्यवाणी नाही, शाप नाही. मुदत ठेवीची पावती आहे, आणि ती डोंगरात कोरलेली आहे, कारण विणकर कधी बुडतील याची त्या काळीही कुणाला खात्री नसावी. दोन गटांना दोन वेगळे दर का, हा प्रश्न मला कुठल्याही अंगठीच्या रहस्यापेक्षा जास्त छळतो.

तुमच्या कादंबरीत मात्र भविष्यवाणीच ठेवा. व्याजदरावर चित्रपट निघत नाही.

माणसं हलवणं

आता सगळ्यात नाजूक काम. बुडालेल्या साम्राज्यात माणसं उरता कामा नयेत. खांब चालतील, सोनं चालेल, एखादं भूत चालेल. पण तिथे राहणारी, 'हे आमच्या पणज्याने बांधलं' असं सांगणारी माणसं निघाली तर साम्राज्य बुडालेलं राहत नाही आणि तुमचा नायक शोधक न ठरता पाहुणा ठरतो. म्हणून ती आधी हलवावी लागतात. या कामाचे जाणकार एकोणिसाव्या शतकात होऊन गेले आणि फॅन्टसीने बरंचसं त्यांच्याचकडून घेतलं आहे.

कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१मध्ये आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वेच्या अवशेषांपाशी पोचला. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून बांधलेल्या भिंती, काही ठिकाणी ११ मीटर उंच. स्थानिक लोकांनी हे बांधलं असेल हे त्याला पटेना. दाराच्या तुळईचा एक तुकडा त्याने काढला, हुंगला, रंग पाहिला. तो त्याच्या खिशातल्या पेन्सिलीसारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, देवदार लेबनॉनचा, लेबनॉनचं लाकूड सॉलोमन राजाकडे गेलं, सॉलोमनला भेटायला शेबाची राणी आली होती, म्हणजे हा तिचा वाडा. ते लाकूड तिथल्याच रानातलं होतं. पण एका पेन्सिलीवर अख्खी फिनिशियन संस्कृती आफ्रिकेत आणून बसवण्याचं हे कसब नवशिक्याने समोर ठेवावं असंच आहे.

पुढे एच. रायडर हॅगार्ड दक्षिण आफ्रिकेत नोकरी करून इंग्लंडला परतला. १८८५मध्ये त्याने सॉलोमन राजाच्या खाणींची कादंबरी काढली, पाठोपाठ 'शी'. तिच्यात कोर नावाचं महानगर आहे, रोगाच्या साथीत संपलेलं, आणि भोवती राहणारे आजचे लोक त्या थोर मृतांची मसाला भरून जपलेली प्रेतं मशालीसारखी जाळून उजेड करतात. प्रसंग विलक्षण आहे, विसरता येत नाही. जरा थांबून पाहिलं की त्यातली मेख दिसते : वारस म्हणून उभी केलेली माणसं पूर्वजांच्या लायकीची नाहीत, किंबहुना ते त्यांचे पूर्वजच नव्हेत. मग खजिना कुणाचा? अर्थात, केंब्रिजहून आलेल्या पाहुण्यांचा.

ग्रेट झिम्बाब्वेत उत्खननाच्या नावाखाली पुढे जे झालं ते कादंबरीपेक्षा वाईट होतं. 'मूळच्या' परकीय संस्कृतीपर्यंत पोचायच्या घाईत रिचर्ड हॉलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरचे मातीचे थर कचरा म्हणून उपसून फेकले. त्या कचऱ्यातच तिथल्या रहिवाशांचा पुरावा होता. १९०५मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हरने सांगितलं की हे आफ्रिकी लोकांचं, मध्ययुगातलं बांधकाम आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते रुचलं नाही. १९२९मध्ये गरट्रूड केटन-थॉम्पसन गेली आणि तिनेही तेच सिद्ध केलं. तरी ऱ्होडेशियाच्या सरकारला शेबाची राणी सोडवेना. अधिकृत पुस्तिकांत काय लिहावं यावर दबाव येत राहिला, आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७०मध्ये देश सोडावा लागला. १९८०मध्ये देश स्वतंत्र झाला तो त्या भिंतींचं नाव घेऊन, आणि तिथे सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर ठेवून. शोना लोक एवढी वर्षं तिथेच होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

आता हे मागे ठेवून फॅन्टसी वाचा. रॉबर्ट ई. हॉवर्डने १९३४मध्ये आपला नायक कोनान याला दक्षिणेच्या जंगलात नदीवरून एका भग्न शहरात नेलं. ते शहर पंख असलेल्या प्राचीन प्राण्यांनी बांधलेलं निघतं. केटन-थॉम्पसनला जाऊन पाच वर्षं झाली होती. फिनिशियन चालेनात तर पंखवाले चालतील. गावातली माणसं तेवढी नकोत. हॉवर्डची लेखणी जोरकस, ती कथा मी पुन्हापुन्हा वाचली आहे, आणि दर वेळी नदीकाठच्या गावातलं कुणी बोलेल म्हणून वाट पाहिली आहे.

'सापडलं' हे क्रियापद सांभाळून वापरा म्हणजे माणसं आपोआप हलतात. अजिंठा १८१९मध्ये जॉन स्मिथ या शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला 'सापडला'. त्याने चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. भोवतालच्या गावांना लेणी कुठे आहेत ते ठाऊक होतंच. रॉबर्ट सेवेलने १९००मध्ये विजयनगरवर लिहिलं ते विसरलेलं साम्राज्य म्हणून. हंपीत विरूपाक्षाची पूजा चालू होती. माया लोकांच्या कोपान शहराचे अवशेष जॉन लॉइड स्टीव्हन्सने १८३९मध्ये ५० डॉलरला विकत घेतले. पण या माणसाचं एक मानायला हवं. इजिप्शियन, फिनिशियन, ॲटलांटिसवाले, सगळे उमेदवार बाजूला सारून त्याने लिहिलं की इथे आज राहणाऱ्यांच्याच पूर्वजांनी हे बांधलं. चाळीस वर्षांनी इग्नेशियस डॉनेली या माजी अमेरिकी काँग्रेस सदस्याने १८८२मध्ये पुन्हा ॲटलांटिस बाहेर काढलं, आणि त्याचं पुस्तक अर्थातच खपलं. माया भाषा आजही लाखो लोक बोलतात. गूढरीत्या नाहीशी झालेली संस्कृती म्हणून त्यांच्यावर निघालेले कार्यक्रम तेही बघत असतील.

नियम मोडून नाव कमावलेलेही आहेत, पण नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये. उर्सुला ले ग्विनने १९७१मध्ये अतुआनची थडगी लिहिली. रिकाम्या सिंहासनासमोर विधी चालू आहेत, देवांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, आणि तरी पुजारणींना लोकर कातावी लागते, विणावं लागतं, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. जीन वूल्फच्या १९८०पासूनच्या मालिकेत नायक ज्या मनोऱ्यात वाढतो तो खरं तर जुनं अंतराळयान आहे. त्याला ते कळत नाही, वाचकाला हळूहळू कळतं. त्याच मालिकेत एक म्हातारा चित्रं साफ करत बसलेला असतो. एका चित्रात ओसाड जमिनीवर चिलखतातला बिनचेहऱ्याचा माणूस निशाणाशेजारी उभा आहे. चंद्रावर गेलेला आपला माणूस तो, आणि पाहणाऱ्या नायकाला तो कोण हे माहीत नाही. या कादंबऱ्यांत साम्राज्य पडतं, पण लोक राहतात आणि पडक्यात संसार थाटतात. अशा कादंबरीला माहिती लागते, चिकाटी लागते.

तलवार

हरवलेली विद्या हवीच, आणि ती पोलादाची हवी. यात आपल्याकडे खरोखर माल आहे. दख्खनच्या लहान भट्ट्यांत होणारं पोलाद पार दमास्कसपर्यंत जायचं. लाटांसारखी नक्षी असलेली पाती त्याचीच. लंडनमध्ये १८१९च्या सुमारास मायकेल फॅरेडेसुद्धा त्याचं रहस्य शोधत बसला होता. एकोणिसाव्या शतकाअखेर ती कारागिरी इथेही जवळपास संपली. ती गिळायला ड्रॅगन आला नव्हता. स्वस्त पोलाद आगबोटीने आलं.

रोमची हरवलेली विद्या कोणती, तर काँक्रीट. पँथिऑनचा घुमट १,९०० वर्षं उभा आहे. तरीही तळ्यातून हात वर काढून काँक्रीटचं घमेलं नायकाला देणारी जलदेवता अजून कुणी लिहिलेली नाही. मैदान मोकळं आहे.

परिशिष्टं

कथा संपल्यावर राजांची वंशावळ, पंचांग, लिपीचा तक्ता आणि बुडालेल्या भाषेचं थोडं व्याकरण जोडायची पद्धत आहे. टॉल्किनच्या कादंबरीचे पहिले दोन खंड १९५४मध्ये जुलै आणि नोव्हेंबरला आले. तिसरा परिशिष्टांच्या पायी ऑक्टोबर १९५५पर्यंत लांबला आणि तोवर वाचक पत्रं पाठवून प्रकाशकाला हैराण करत होते. तुमचा प्रकाशक अकरा महिने थांबणार नाही, दिवाळीच्या आत पुस्तक मागेल. तेव्हा परिशिष्टं आधी लिहून ठेवा. वंशावळीत दोन राजांचं एकच नाव ठेवू नका, मुद्रितशोधक त्यातला एक गाळतो.